मदत हवी आहे: मोफत वाचता येतील अशा लघु विज्ञानकथा आणि अद्भुतकथा जालावर कुठे मिळतात?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. जालावर मोफत वाचता येतील अशा लघु विज्ञानकथा आणि अद्भुतकथा हव्या आहेत, आणि शनिवारच्या आत हव्या आहेत. शोधून झालेले आहे, तेव्हा ‘आधी शोधून पाहा’ असे कृपया कोणी सांगू नये. शोधल्यावर ‘वाचायलाच हव्यात अशा पन्नास कथा’ छापाच्या याद्या मिळतात. त्यांतले बरेच दुवे बंद पडलेले असतात आणि उरलेले पुस्तकविक्रीच्या पानावर नेऊन सोडतात. मला कादंबऱ्या नकोत, आणि दोन परिच्छेदांनंतर वर्गणी मागणारी संकेतस्थळेही नकोत. जाणकारांनी थेट सांगावे.

सांजवात

मराठी कथा हव्यात की इंग्रजी, हे आपण लिहिलेले नाही. मराठी हव्या असतील तर ‘मायबोली’, ‘मिसळपाव’ आणि ‘ऐसी अक्षरे’ यांच्या दिवाळी अंकांचे जुने विभाग उघडावेत, कारण तेथील कथा संपादकाच्या हाताखालून गेलेल्या असतात. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ लेखकांच्या परवानगीने ई-पुस्तके विनामूल्य देते आणि त्यांत कथासंग्रहही आहेत. ‘प्रतिलिपी’वर मराठी भयकथांचा पूर आलेला आहे, मात्र तेथे निवड करणारे कोणी नसल्यामुळे ती आपल्यालाच करावी लागते.

गवाक्ष

धागाकर्त्याला इंग्रजी कथा हव्या आहेत असे धरून लिहितो. याद्यांचा नाद सोडावा आणि सरळ मासिकांकडे जावे. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ २००६ पासून दरमहा निघते आणि त्यातील प्रत्येक कथा त्यांच्या संकेतस्थळावर पूर्ण व मोफत असते. चिनी भाषेतून अनुवादित झालेल्या कथाही तेथे नियमितपणे येत आल्या आहेत. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ २००० साली सुरू झाले, ते ना-नफा तत्त्वावर चालते आणि दर आठवड्याला प्रकाशित होते. ‘लाइटस्पीड’मध्ये विज्ञानकथा आणि अद्भुतकथा दोन्ही येतात. केवळ कल्पित जगांतील अद्भुतकथा हव्या असतील तर ‘बिनीथ सीसलेस स्काइज’ दर पंधरवड्याला अंक काढते. ‘अनकॅनी’ द्वैमासिक आहे. त्याच्या अंकाचा अर्धा भाग पहिल्या महिन्यात आणि उरलेला दुसऱ्या महिन्यात मोफत खुला होतो, त्यामुळे अंक अपुरा दिसला तर गोंधळून जाऊ नये. ‘अॅनालॉग’ आणि ‘अॅसिमोव्ह्ज’ ही जुनी छापील मासिके मोफत नाहीत. पण त्यांच्या वाचक-पुरस्कारांच्या अंतिम फेरीत आलेल्या कथा ती दरवर्षी काही काळ आपल्या संकेतस्थळावर खुल्या ठेवतात.

खगोलवेडा

गवाक्ष यांनी सांगितलेली मासिके चांगली आहेत, परंतु नव्याने वाचू लागणाऱ्याला मी ती सुचवणार नाही. आजच्या अनेक कथांमध्ये शैलीचे कौतुक अधिक आणि घडते कमी. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या स्वामित्वहक्कातून मुक्त झालेल्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर ‘गॅलक्सी’, ‘इफ’ आणि ‘अस्टाउंडिंग’ या मासिकांत १९५० च्या दशकात छापल्या गेलेल्या शेकडो कथा आहेत. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार १९६४ पूर्वी प्रकाशित झालेल्या साहित्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण अठ्ठाविसाव्या वर्षी करावे लागत असे; मासिकांतील पुष्कळ कथांच्या बाबतीत ते कोणी केले नाही, म्हणून त्या तेथे मुक्त झाल्या. एक कल्पना घ्यायची, ती ताणायची आणि शेवटी वाचकाला चकवायचे, हे काम त्या लेखकांना पक्के येत होते.

गवाक्ष

त्या ‘शेकडो’ कथांपैकी किती आज पुन्हा वाचवतात, तेही सांगावे. नाव गाजलेले असले तरी अनेक कथा शब्दामागे पैसे मिळवण्यासाठी घाईने लिहिलेल्या आहेत, आणि स्त्रिया तर त्यांत बहुधा कॉफी आणून देण्यापुरत्याच येतात. चाळणी न लावता कोणाला तेथे पाठवणे म्हणजे रद्दीच्या दुकानात सोडून देण्यासारखे आहे.

खगोलवेडा

रद्दीच्या दुकानातच आम्हाला चांगली पुस्तके मिळाली. असो, चाळणी हवीच असेल तर अमुक लेखकाची अमुक कथा कोठे कोठे छापली आणि नंतर कोणकोणत्या संकलनांत घेतली गेली, हे ‘इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस’मध्ये पाहता येते. जी कथा वेगवेगळ्या संपादकांनी पुन्हा पुन्हा निवडली, ती सहसा टाकाऊ नसते. काही नोंदींमध्ये कथेच्या मोफत आवृत्तीचा दुवाही असतो.

पुस्तकमित्र

इतकी खटपट कशासाठी? टेलिग्रामवर असे गट आहेत की जेथे नवे संग्रहही पीडीएफ स्वरूपात मिळतात. धागाकर्त्याने व्यक्तिगत निरोप पाठवावा.

सांजवात

व्यक्तिगत निरोपाची आवश्यकता नाही. ज्या कथा लेखकाने आणि संपादकाने स्वतःहून मोफत ठेवलेल्या आहेत त्या मागितल्या असताना चोरीच्या पीडीएफ कशाला? ही मासिके काही थोड्या वर्गणीदारांच्या जोरावर चालतात. ॲमेझॉनने २०२३ मध्ये किंडलवरील मासिकांची वर्गणी बंद केली तेव्हा त्यांपैकी अनेकांचे उत्पन्न एकदम खाली आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा इतका भडिमार झाला की ‘क्लार्क्सवर्ल्ड’ला कथा स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले.

पिंपळपान

कथा स्वीकारण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. ही मासिके मानधन देतात. अमेरिकेतील विज्ञानकथा-अद्भुतकथा लेखकांच्या व्यावसायिक संघटनेने किमान दर शब्दामागे ८ सेंट धरलेला आहे. आपल्याकडच्या लेखकांनी इंग्रजीत लिहून पाठवायला हवे. मार्गदर्शक सूचना प्रत्येक संकेतस्थळावर असतात आणि कथा पाठवण्यासाठी शुल्क पडत नाही.

अर्धविराम

पिंपळपान, मला कथा पाठवायची नसून वाचायची आहे. इंग्रजी हव्या आहेत हे स्पष्ट होते असे मला वाटले. गवाक्ष यांची मासिके पाहिली आणि आवडली, परंतु आता अडचण उलट झाली आहे: एकेका मासिकाची दहा-वीस वर्षांची दप्तरे उघडी आहेत. त्यांतून निवडायचे कसे? सगळे वाचत बसायला मला वेळ नाही.

निशाचर

मला अजूनही हे समजलेले नाही की कथा कशासाठी हव्या आहेत आणि शनिवारी काय आहे. एकट्याने निवांत वाचायच्या असतील तर उत्तर वेगळे आणि कोणाला वाचून दाखवायच्या असतील तर वेगळे. कथा किती लांबीची चालेल?

अर्धविराम

ठाण्यात आमचा एक वाचनकट्टा आहे. दर शनिवारी एक कथा सर्वांनी घरून वाचून यायची आणि तासभर तिच्यावर बोलायचे, अशी पद्धत आहे. यंदा विज्ञानकथा घ्यायच्या ठरल्या आणि निवड माझ्या गळ्यात पडली. त्यामुळे दुवा सर्वांना पाठवता आला पाहिजे आणि कथा एका बैठकीत संपली पाहिजे. दोन ज्येष्ठ सभासदांना डोळ्यांच्या त्रासामुळे पडद्यावर फार वेळ वाचता येत नाही.

निशाचर

हे पहिल्याच प्रतिसादात आले असते तर पुस्तकमित्रांचे टंकनश्रम वाचले असते. आता निवड सोपी आहे. ह्यूगो आणि नेब्युला या विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीच्या वार्षिक पुरस्कारांत ‘लघुकथा’ म्हणजे साडेसात हजार शब्दांच्या आतील कथा. इंग्रजी वाचण्याची सवय असलेल्याला ती अर्ध्या-पाऊण तासात संपते. तेव्हा मागील दहा-बारा वर्षांतील या दोन्ही पुरस्कारांच्या फक्त लघुकथा-विभागाची नामांकने काढावीत. त्यांतील बहुसंख्य कथा वर उल्लेखिलेल्या मासिकांतूनच आलेल्या असल्याने मोफत आहेत. विजेतीपुरते थांबू नये, कारण गप्पांसाठी कित्येकदा हरलेली कथा अधिक उपयोगी पडते. याशिवाय ‘लोकस’ हे नियतकालिक आदल्या वर्षाच्या निवडक कथांची यादी दर फेब्रुवारीत प्रसिद्ध करते.

ज्येष्ठ सभासदांसाठी ध्वनिमुद्रित कथा आहेत. ‘एस्केप पॉड’ २००५ पासून विज्ञानकथा वाचून दाखवते. ‘सुडोपॉड’ भयकथांसाठी आणि ‘पॉडकॅसल’ अद्भुतकथांसाठी आहे. ‘क्लार्क्सवर्ल्ड’च्या कथाही ऐकता येतात. ऐकलेली आणि वाचलेली कथा एकच असेल याची मात्र आधी खात्री करून घ्यावी.

खगोलवेडा

वाचनकट्टा असेल तर माझा आग्रह अधिकच राहील. जुनी कथा आणि त्याच विषयावरील नवी कथा अशी जोडी लावावी, म्हणजे गवाक्ष यांचेही समाधान होईल. गुटेनबर्गवरून मजकूर हव्या त्या आकाराच्या अक्षरांत उतरवून घेता येतो, हा डोळ्यांच्या दृष्टीने आणखी एक फायदा.

गवाक्ष

जोडीची कल्पना मान्य आहे. मात्र अमेरिकेत मुक्त झालेली कथा भारतातही मुक्त असेलच असे नाही. आपल्याकडे सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात आणि वाचकाने आपल्या देशाचा कायदा पाहावा, असे गुटेनबर्गही सांगते. छापील प्रती काढून वाटण्याऐवजी दुवा पाठवावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

सांजवात

कट्ट्यावरील सर्वांचे इंग्रजी सारखे सराईत नसेल, तर एखादा शनिवार मराठी कथेला द्यावा, असे मी अजूनही म्हणेन. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने कथा पाठवली आणि ती पहिली आली, हे ठाऊक असणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यानंतरच्या पिढीची एकही विज्ञानकथा वाचलेली नसते. आणि अनुवादाची चर्चा करायची असेल तर ‘स्ट्रेंज होरायझन्स’चेच ‘समोवार’ हे भावंड पाहावे. तेथे अनुवादासोबत मूळ भाषेतील कथाही देतात.

अर्धविराम

निशाचर यांनी सांगितल्याप्रमाणे नामांकने काढली. या शनिवारसाठी ‘क्लार्क्सवर्ल्ड’मधील एक कथा निवडली आहे, तिचे ध्वनिमुद्रणही त्याच पानावर असल्याने ज्येष्ठांची सोय झाली. दुवा कट्ट्याच्या गटावर टाकला. पुढच्या आठवड्यासाठी खगोलवेडा यांची जोडी लावून पाहीन. त्यांनी परग्रहावरील पहिल्या भेटीविषयीची एखादी जुनी कथा सुचवावी. तीत कॉफी आणून देणारी स्त्री नसली तर उत्तम.

खगोलवेडा

अट कठीण आहे, पण गुरुवारपर्यंत सुचवतो.