जामीन मिळाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

रंगकाम_ठेकेदार
माझ्याकडे सहा वर्षं काम करणारा लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचा पोरगा मारामारीच्या केसमध्ये आत गेला. शुक्रवारी जामीन झाला: १५ हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतःच्या सहीवर दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक सॉल्व्हंट, म्हणजे तेवढी ऐपत असलेला जामीनदार. भाऊ रातोरात सातबारा घेऊन आला. त्यावर सात नावं. कोर्टात सांगितलं, ‘सामाईक क्षेत्र आहे, बाकीच्यांची संमती आणा, नाहीतर इथलाच जामीनदार द्या.’ झालं. बाहेर चहाच्या टपरीवर प्लास्टिकची फाइल घेतलेला एक जण हळूच म्हणाला, ‘चार हजार. जामीनदार मी उभा करतो, संध्याकाळपर्यंत पोरगा बाहेर.’ आम्ही नाही म्हटलं आणि पोरगा आणखी एकोणीस दिवस आत. माझं म्हणणं एवढंच, की जामीनदाराची अट काढा. आरोपीच्या सहीवर सोडा.

निवृत्त_शिरस्तेदार
तीस वर्षं ही कागदपत्रं तपासली आहेत, म्हणून लिहितो. एकच सातबारा सहा आरोपींना लावलेला पाहिलाय, मेलेल्या माणसाच्या रेशनकार्डावर उभा राहिलेला जामीनदारही पाहिलाय. आणखी किती जणांना जामीन राहिलात, हे जामीनदाराला लिहून द्यावं लागतं (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४८६), ते उगाच नाही. नुसत्या सहीवर सोडलेला माणूस खोली बदलतो, वॉरंट ‘मिळून येत नाही’ शेऱ्यासह परत येतं आणि डोकं फुटलेला फिर्यादी वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो. त्याच्यासाठी कोणी धागा काढत नाही.

काळा_कोट
शिरस्तेदार साहेब, फिर्यादीचं मान्य. पण हे दुखणं जुनं आहे. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. खालच्या कोर्टाने १० हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. न्या. कृष्णा अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडलं. म्हणजे औशाच्या सातबाऱ्याचं उत्तर तेव्हाच मिळालंय! सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या आदेशातही आहे, की स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको, आणि महिनाभरात बंधपत्र भरता आलं नाही तर कोर्ट आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. रक्कम अवाजवी नसावी हे तर कायद्यातच आहे, आधीच्या फौजदारी संहितेत कलम ४४०, आता नव्या संहितेत ४८४.

निवृत्त_शिरस्तेदार
पैसे नसतील तर २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे. मग अडचण कसली?

काळा_कोट
योजना रक्कम भरते, माणूस उभा करत नाही. जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळतो अशा गुन्ह्यात आठवड्यात जामीन देता आला नाही तर आरोपी निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडायचं असतं. अजामीनपात्र गुन्ह्यात ती सोय नाही. खरी रडारड तिथेच.

एडिसनकर
अमेरिकेत बहुतेक राज्यांत यासाठी दुकानंच आहेत. साधारण दहा टक्के द्या, बाँडवाला बाकीची हमी घेतो. ते दहा टक्के मात्र परत मिळत नाहीत. आमच्या न्यू जर्सीत २०१७ पासून रोख जामीन जवळपास बंदच आहे, माणूस पळण्याचा आणि त्याच्यापासूनचा धोका पाहून ठरवतात. इलिनॉयने २०२३ मध्ये तो पूर्णच काढला. तुमच्याकडे टपरीवरच्या फाइलवाल्याला परवाना का देत नाही?

काळा_कोट
इथे जामीनदाराने मोबदला घेऊन उभं राहायचं नसतं. त्याचं स्वतःचं काही पणाला लागलेलं नसेल तर तो आरोपीवर लक्ष कशाला ठेवील?

मधलं_बाक
ठेकेदार, एक विचारू? सहा वर्षं ओळखता, मग तुम्हीच का नाही उभे राहिलात?

रंगकाम_ठेकेदार
खरं सांगतो. बायको नको म्हणाली. घराच्या कागदांवर कोर्टाचा शिक्का नको, दाराशी नोटीस नको.

निवृत्त_शिरस्तेदार
घ्या! रोज पगार देणाऱ्याचा भरवसा नाही आणि कोर्टाने, ज्याने त्याला पाच मिनिटं पाहिलंय, त्याने मात्र सहीवर सोडायचं.

रंगकाम_ठेकेदार
भरवसा होता. शेवटी वकिलांनी अर्ज करून चार आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन मागितला, ते १५ हजार मीच भरले. नको होतं ते लचांड. आणि साहेब, माझ्यासारखा ओळखीचा माणूस कचरतो, तर ज्याचं शहरात कोणीच नाही त्याने काय करायचं? तो फाइलवाल्याकडेच जाणार. तुमच्या अटीनेच त्याचं दुकान चालतं.

निवृत्त_शिरस्तेदार
दुकान चालतं हे खरं. मी चार-दोन पकडलेही. पण जामीनदार अजिबातच नको, हे मला पटत नाही. गावचा चालवा, मालकाचं पत्र चालवा, तिथवर यायला तयार आहे. बरं, रोख भरलीत ना? नाझराकडची (कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्याकडची) पावती लॅमिनेट करू नका, पण जपा. केस संपल्यावर पैसे आपोआप परत येत नाहीत, अर्ज द्यावा लागतो. मूळ पावती हरवली की प्रतिज्ञापत्र वगैरे सोपस्कार आलेच.

रंगकाम_ठेकेदार
पावती पोराच्या नावाने फाटलीय.

काळा_कोट
मग पैसे कोणी भरले ते आत्ताच त्याच्याकडून लिहून घ्या.