कॅटियाचा कोर्स पुरे?
इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मेकॅनिकल डिझाइनमध्ये यायला कॅटियाचा (संगणकावर भागांची थ्रीडी मॉडेलं बनवायचं सॉफ्टवेअर) कोर्स पुरे, असं एकाने म्हटलंय. मला अर्धंच पटलं. मीही ई अँड टीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). कोर्स केला, मॉडेलं झकास जमायची. मुलाखतीत विचारलं, "या प्लॅस्टिकच्या झाकणाला ड्राफ्ट किती देशील?" मी गप्प! ड्राफ्ट म्हणजे भिंतीला दिलेला अंश-दोन अंशांचा उतार. तो नसेल तर भाग साच्यातून सुटताना अडकतो, ओरखडतो. हे मग पुण्याजवळ भोसरीतल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनतात तिथे, शनिवारी उभं राहून शिकलो (चहा माझ्याकडून). टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, तेही तिथेच डोक्यात शिरलं.

आणि डिग्री लपवू नका. सेन्सरचं हाउसिंग (बाहेरचं कवच), वायरिंग हार्नेस (एकत्र बांधलेल्या तारांचा जुडगा), बॅटरी पॅक... सर्किट कळणाऱ्याला तिथून शिरणं सोपं. मेकॅनिकलच्या पोरांशी गिअरबॉक्सवरून कशाला भिडता?