आफ्रिकी लोककथा फुकट मिळाल्या, पण सांगणारे कुठे आहेत?

रानवेध
‘ऑनलाइन ग्रंथालयांत आफ्रिकी लोककथांची सचित्र पुस्तके फुकट सापडली, मुलांना आजच दाखवा’ हा अबोलीताईंचा लेख वाचला आणि आफ्रिका हे जणू एखादे गाव असल्यासारखे लिहिलेले पाहून उत्तर देणे भाग पडले. पाणी पाहुणे म्हणून घरी आले आणि त्यामुळे सूर्यचंद्र आकाशात पळाले, ही त्यांची आवडती कथा दक्षिण नायजेरियातील असून एल्फिन्स्टन डेरेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने ती १९१० सालच्या संग्रहात छापली. १९६८ मध्ये ब्लेअर लेंट या अमेरिकी चित्रकाराने तिला चित्रे काढली. मुखपृष्ठावर ही दोन नावे झळकतात, पण डेरेलना कथा ज्याने सांगितली त्याचे नाव तेथे नाही.

अबोली
आमच्या वाचनालयात बालविभागाचे कपाट कुलूपबंद असते आणि किल्लीवाले गृहस्थ मुले खेळायला गेल्यावर उगवतात. अशा ठिकाणी राहणाऱ्या आईला ती चित्रे घरबसल्या मिळाली, तर तिने आधी वसाहतवादाचा अभ्यास करावा, अशी आपली अपेक्षा दिसते. माझ्या मुलीने त्या रात्री सूर्याचे घर किती मोठे असेल, एवढेच विचारले.

टिपणवही
रानवेध, सगळ्या साहेबांना एका माळेत ओवू नका. गोल्ड कोस्टमधले (आजचे घाना) रॅट्रे हेही ब्रिटिश वसाहतीचेच अधिकारी, परंतु तेथील अकान-अशांती लोकांच्या कथांच्या १९३० च्या संग्रहात त्यांनी मूळ ट्वी भाषेतील पाठ इंग्रजी अनुवादासमोर छापला आणि चित्रे गोल्ड कोस्टमधील आफ्रिकी चित्रकारांकडून काढून घेतली. अनान्सी या जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या कथा वाचायच्या तर तेथून वाचाव्यात.

जुनी पेठ
इतक्या दूर कशाला जाता? मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी हिने दख्खनच्या कथांचे पुस्तक १८६८ मध्ये काढले, त्यातील कथा ॲना लिबराटा डिसोझा या आयाने सांगितल्या होत्या, आणि तिची जीवनकहाणीही त्याच पुस्तकात आहे. आपल्याकडे किती जणांनी ते उघडून पाहिले आहे?

रानवेध
म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले. ॲनाचे नाव आत आणि मेरीचे बाहेर!

जुनी पेठ
आत का होईना, आहे ना? आपल्या कित्येक आजीबाईंच्या कहाण्या छापणाऱ्या मराठी संपादकांनी तेवढेही केले नाही. माझ्या आजीच्या ओव्या एका गृहस्थांनी वहीत उतरवून नेल्या, त्या छापूनही आल्या, आणि खाली ‘संकलित’ एवढाच शब्द होता.

टिपणवही
आजींबद्दल आदर आहे, पण आपण घानाच्या अक्राहून थेट आपल्या माजघरात येऊन पोहोचलो आहोत.

जुनी पेठ
माजघराचा एवढा तिटकारा असेल, तर लोककथांच्या वाटेला जाऊ नये.

रानवेध
मूळ मुद्द्यावर येतो. दक्षिण आफ्रिकेतील सेड या संस्थेने २०१४ पासून चालवलेल्या आफ्रिकन स्टोरीबुक या ऑनलाइन संग्रहात आफ्रिकी भाषांतील कथा लेखक-चित्रकारांच्या नावांसह खुल्या परवान्याने मिळतात. त्यांतील काही प्रथम बुक्स या भारतीय प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरही आहेत. मुलीला त्या दाखवाव्यात.

अबोली
दाखवल्या. नावे ठळक आहेत, हे मान्य. चित्रे मात्र फिकी वाटली आणि तिने चौथ्या पानावर लेंट यांचा सूर्यच पुन्हा मागितला. लेखात नायजेरिया आणि डेरेल यांचा उल्लेख जोडते. आपल्या समाधानासाठी ‘साहेब’ हा शब्दही घालू का?