शब्दचर्चा : पॅनोरमातल्या ‘ओव्हरलॅप’ला ‘माया’ म्हणावं का?

ठाण्यातल्या आमच्या ज्येष्ठ मंडळींसाठी पॅनोरमा, म्हणजे ओळीने काढलेल्या फोटोंचा मिळून एक लांब फोटो, कसा जोडायचा याचं मराठी टिपण लिहितेय. ‘स्टिच’ (फोटो जोडणं) आणि ‘ओव्हरलॅप’ (दोन फोटोंत सारखा येणारा भाग) या दोन शब्दांपाशी अडलेय.

आधी प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. मासुंदा तलावाच्या काठी उभं राहून, मोबाइल उभा धरून, डावीकडून उजवीकडे ७ फोटो काढले. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण ३० टक्के भाग पुन्हा यायला हवा. त्या सामाईक भागात सॉफ्टवेअर सारख्या खुणा शोधतं. खिडकीचा कोपरा, दिव्याच्या खांबाचं टोक, असं काहीतरी. मग त्या एकमेकांवर बसवतं, त्यासाठी फोटो ताणतं, वाकवतं आणि जादा भाग झाकतं. फोटोशॉपच्या फोटोमर्जमध्ये, म्हणजे फोटो जोडायच्या सोयीत, जोडणी झाल्यावर थर (लेयर) उघडून पाहिले, तर कुठला फोटो कुठवर ठेवलाय आणि कुठून झाकलाय ते दिसतं. ती नागमोडी कड पाहिली आणि मला आईचं बेतणं आठवलं. ब्लाउज कापताना ती सांगायची, “कडेला बोटभर माया ठेव गं.” शिवणीच्या आत दडलेलं जादा कापड म्हणजे माया. बाहेरून दिसत नाही, पण नसली तर शिवण धरत नाही.

ओव्हरलॅप म्हणजे हेच ना? ‘परस्परव्याप्ती’ लिहिलं तर आमच्यातलं कुणी दुसरी ओळ वाचायचं नाही.

प्रतिसाद
ताई, माया अगदी चपखल. आणखी एक साम्य बघा. मुलगी अंगाने भरली की तीच माया उसवून झंपर सैल करता येतो. फोटोचंही तसंच आहे. थर एकत्र न करता फाइल जपून ठेवली, तर झाकलेला भाग पुन्हा उघडून जोड सरकवता येतो.

प्रतिसाद
‘स्टिच’साठी ‘सांधणे’ घ्या. इथे सुईही नाही, दोराही नाही, मग शिवायचं कसं?

प्रतिसाद
मी तीस वर्षं रेल्वेत होतो. आमच्याकडे सांधा म्हणजे गाडी रूळ बदलते ती जागा, आणि तिथे काम करणारा तो सांधेवाला. गाडीत बसल्या बसल्या सांधा खडखडून कळतो. पॅनोरमातला जोड बेमालूम हवा. म्हणून माझं मत ‘शिवणे’ला. आणि ‘माया’ घेणार असाल तर ती शिवणकामातच शोभते.

प्रतिसाद
फसलेल्या जोडालाही शब्द हवा ना? ‘दरज’ कसा वाटतो? गवंडी भिंतीच्या दरजा भरतो, तीच ही दरज. मूळ फारसी शब्दाचा अर्थ शिवण, आणि दर्जी हा शब्दही त्यातूनच आला. म्हणजे घराणं एकच!

मूळ लेखिका
दरज! हाच हवा होता. माझ्या पहिल्या पॅनोरमात पलीकडचा काठ तंतोतंत जुळला, पण अलीकडच्या कठड्याची आडवी सळई मधेच तुटून बोटभर खाली उतरली होती. मी हात लांब करून कमरेतून वळत होते, त्यामुळे दर फोटोला भिंगाचीच जागा बदलत गेली. भिंग सरकलं की जवळच्या वस्तू लांबच्यांपेक्षा जास्त सरकतात. मग दोन फोटो एकाच वेळी दोन्हीकडे जुळत नाहीत आणि दरज पडते. ही दरज माया वाढवूनही बुजत नाही, हे टिपणात ठळक लिहिणार आहे. दुसऱ्या खेपेला मोबाइल जागेवर ठेवून मी त्याच्याभोवती फिरले, तेव्हा सळई सरळ आली. एक होडी मात्र दोन फोटोंच्या मधल्या वेळात पुढे गेली होती, तिचा पुढचा अर्धा भागच उरला. मग तिथली कड हाताने सरकवून ती अख्खी एका फोटोतून घेतली.

सांधणे वाईट नाही, पण रेल्वेतल्या काकांचं पटलं. तर शिवणे, माया आणि दरज.

प्रतिसाद
शेवटी वरखालच्या ओबडधोबड कडा काढाल, तेव्हा ‘क्रॉप’ नका लिहू. ‘कातरणे’ आहे की.

मूळ लेखिका
घेतला!