मांजर नव्हे, धूर आडवा गेला : वळवलेल्या रोड ट्रिप्सचे अनुभव

अमेरिका-कॅनडाच्या पश्चिमेकडे उन्हाळ्यात गाडी काढणाऱ्यांकडे आता एक तरी 'ऐनवेळी बेत बदलला' किस्सा असतोच. वणव्याचा धूर, पूर, नाहीतर जूनमधला बर्फ. तुमचेही लिहा. कुठून वळलात आणि वळायला उशीर केलात का, तेही मोकळेपणाने सांगा. सुरुवात मी करते.

ऑगस्ट २०२१. बे एरियातून कॅलिफोर्नियातलं लॅसन नॅशनल पार्क आणि पुढे ओरेगनमधलं क्रेटर लेक, असा सहा दिवसांचा बेत. 'डिक्सी फायर' नावाची वणव्याची आग पेटलेली होती, पण 'आपण जाईपर्यंत येईल आटोक्यात' असं आम्ही एकमेकांना समजावत होतो. आटोक्यात कुठली! शेवटी ती साडेनऊ लाख एकरांच्या वर गेली. आम्ही निघायच्या आधीच लॅसन बंद झालं. तरी निघालो, कारण क्रेटर लेकचं बुकिंग होतं ना! रेडिंगला दुपारी तीन वाजता सगळ्या गाड्यांचे दिवे लागलेले आणि सूर्य म्हणजे नुसती लाल टिकली. पेट्रोल भरताना काचेवर राख साचलेली दिसली, तर नवऱ्याने सवयीने वायपर फिरवला, तोही कोरडा. करकर आवाज झाला आणि काचेवर उमटलेला अर्धगोल ओरखडा गाडी विकेपर्यंत राहिला. (राख आधी पाण्याने धुवायची, हे शहाणपण तेव्हापासूनचं.)

तिथेच फोनवर एअरनाऊचा, म्हणजे अमेरिकेतल्या हवेचा दर्जा दाखवणारा नकाशा उघडला. उत्तरेला लाल-जांभळे ठिपके, समुद्रकाठाला हिरवे. क्रेटर लेक १,९४३ फूट खोल आहे म्हणे, पण दाट धुरात त्याचं वरचं पाणीसुद्धा दिसत नाही. हायवे २९९ ने सरळ पश्चिमेला जावं, तर त्या रस्त्यावर दुसराच वणवा. मग आलो त्याच वाटेने खाली उतरून हायवे २० ने फोर्ट ब्रॅग गाठलं. विलिट्स मागे पडलं, रेडवूडची वळणं सुरू झाली आणि मी खिडकी खाली केली. गार, ओलसर वारा. मागून लेक म्हणाली, "आई, आता मास्क काढू?"

दोन रात्रींचे पैसे बुडाले. त्या पैशांपायीच रेडिंगपर्यंत गेलो होतो, हे कबूल करते.

*

आमच्या बेतावर पाणी फिरलं, आणि तेही अक्षरशः. १३ जून २०२२, बोझमनहून येलोस्टोनला निघायची सकाळ. रात्रीतून नदीने उत्तरेकडचा रस्ताच खाल्ला आणि पार्कची सगळी दारं बंद झाली. आयडाहोत जाऊन क्रेटर्स ऑफ द मूनचा काळा लाव्हा बघितला. दक्षिणेकडचा भाग २२ जूनला उघडला, तोवर आम्ही घरी कपडे धूत होतो.

*

आमचा घोळ आकड्यांचा. जुलै २०२४, आई-बाबा भारतातून आलेले, बाबांना दमा. कॅनडात लेक लुईजला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी आइसफील्ड्स पार्कवेने जॅस्पर, २३२ किलोमीटर. हवामानाच्या अॅपवर हवेचा आकडा सात दिसला. मी खूश! अमेरिकेत सात म्हणजे हिरवंगार. सकाळी बाबांनी दोनदा पंप घेतला तेव्हा नीट वाचलं. कॅनडाचा निर्देशांक वेगळा असतो. तो एक ते दहा जातो, वर दहा-प्लस, आणि सातपासून पुढे जास्त धोका. मी पाचशेच्या पट्टीने मोजत होतो.

तेवढ्यात कळलं की आदल्या रात्री, २२ तारखेलाच, जॅस्पर रिकामं करायला सांगितलंय. आईचं आपलं, "अरे, एवढ्या लांबून आलोय, निदान हिमनदीपर्यंत तरी जाऊ." बाबा नुसते माझ्याकडे बघत होते. गाडी उलटी, पूर्वेला घातली. ड्रमहेलरचं डायनोसॉरचं म्युझियम बघायचं ठरवलं, कारण दिवसभर छपराखाली राहता येणार होतं. चोवीस तारखेच्या संध्याकाळी आग जॅस्पर गावात शिरली आणि जवळपास एक तृतीयांश इमारती गेल्या. हॉटेलच्या खोलीत बातम्या बघताना आईने हिमनदीचा विषय परत काढला नाही.

*

जरा वेगळं सांगतो, दरवेळी पळ काढायची गरज नसते. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला सकाळी दरीत एक्यूआय (अमेरिकेचा हवेचा निर्देशांक, पाचशेच्या पट्टीचा) १६० होता, म्हणजे हवा वाईटच. आम्ही व्हाइटफिशला खोलीतच थांबलो. ऊन चढलं, दरीत कोंडलेली हवा मोकळी झाली आणि दोनला लोगन पासवर समोरची शिखरं स्वच्छ. एक मात्र सांगून ठेवतो. धुरात एसीला आतलीच हवा फिरवायला लावतात ते बरोबर, पण तासन् तास तसंच ठेवलं तर चौघांच्या श्वासाने गाडीत पेंग येते. मला आली होती. अधूनमधून मिनिटभर बाहेरची हवा घ्या.

*

वरच्यांना : दरीतल्या धुराचं पटलं, पण वणवा जवळ असेल तर दुपारीच जास्त भडकतो. आग किती लांब आहे, ते बघूनच थांबा.

*

आमच्याकडे धूर नाही, बर्फ. जूनचा तिसरा आठवडा, मोंटाना-वायोमिंगमधला बेअरटूथ हायवे, वरची खिंड १०,९४७ फुटांवर. रेड लॉजच्या पुढे फाटक लावलेलं. चीफ जोसेफच्या रस्त्याने वळसा घालून गेलो, तोही काही कमी देखणा नाही. जून म्हणजे उन्हाळा, या हिशेबाने भावाने बॅगेत फक्त टी-शर्ट भरलेले. एकूण एक फोटोत तो माझ्या गाडीतलं कुत्र्याचं ब्लँकेट पांघरून उभा आहे.