आठवीच्या वर्गात अख्खी ‘बनगरवाडी’ वाचायची का?

मराठीच्या बाई
आठवीला मराठी शिकवते. सहावी ते आठवीच्या तीन वर्षांत प्रत्येक मुलानं निदान एक जुनी, नावाजलेली कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्गात वाचावी, असं माझं ठाम मत आहे. उतारा नव्हे. पाठ्यपुस्तकात कादंबरीचा चार पानांचा तुकडा येतो, वर लेखकाचा परिचय, खाली स्वाध्याय. माणसांची ओळख व्हायच्या आत धडा संपलेला असतो.

माझी पसंती व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ला. १९५५ची, आकारानं लहान, वाक्यं आखूड. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर मास्तर म्हणून आलेला कोवळा पोरगा, ओस पडलेली शाळा, हळूहळू जवळ येणारी माणसं, सगळ्यांनी मिळून उभारलेली तालीम आणि शेवटी दुष्काळात उठून गेलेलं गाव. ते उठून जाणं मुलांच्या मनाला लागायचं असेल तर आधी कारभारी, आयबू, आनंदा रामोशी यांच्या सोबत काही आठवडे राहायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

सातवीतल्या मुलाची आई
माझा स्पष्ट विरोध. मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. घरी मराठी बोलतो, पण ‘औत’, ‘जू’, ‘रामोशी’ यावर दर तिसऱ्या ओळीला अडेल. शब्द विचारत विचारत वाचण्यात गोष्ट हातची जाते. दुसरं, कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तरांकडून चोळी शिवून मागते आणि कारभाऱ्याच्या मनात संशय शिरतो. तेरा वर्षांच्या मुलामुलींपुढे हे कसं वाचणार? वर्ग हसेल आणि बाई घाईनं पान उलटतील. आणि शेवटी परीक्षा आहेच. ‘कारभाऱ्याचे स्वभावचित्र रेखाटा, गुण ५’ असं आलं की मुलगा त्या लेखकाच्या वाटेला पुन्हा जायचा नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हातात द्या, स्वतःहून संपवेल.

माणदेशी
ताई, आमच्याकडं उलटं आहे. आटपाडीच्या बाजूच्या पोरांना ‘औत’ कळतं, पुस्तकातली प्रमाण मराठी अडते. सात-आठ वर्षं त्यांनी दुसऱ्यांची भाषा शिकायची आणि तुमच्या मुलानं एक महिना आमची ऐकायची नाही? मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने घराबाहेर असणाऱ्यांची लेकरं वर्गात बसतात. कादंबरीतल्या शेकूची बायको बैलाच्या जोडीनं औताचं जू खांद्यावर घेते, ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही. आपलं जगणं छापलेल्या पुस्तकात आहे हे त्यांना शाळेतच कळलं पाहिजे.

निवृत्त मुख्याध्यापक
भावना समजतात, पण वर्ग कसा चालतो तेही बघा. तासिका ३५ मिनिटांची. सुगीत निम्मी मुलं गैरहजर. सलग कादंबरीत चार दिवस चुकलेला मुलगा कायमचा मागे राहतो. म्हणून ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाच्या ४२ रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत आणि बहुतेक रात्र स्वतंत्रपणे वाचता येते. शिवाय गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११पासून पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं आहे. शाळा हवी ती रात्र छापून वाटू शकते. माडगूळकर २००१ साली गेले, त्यांच्या पुस्तकाच्या प्रती विकतच घ्याव्या लागतील. चाळीस मुलांच्या वर्गाला तो खर्च कोण करणार?

ग्रंथपाल
सर, पैशाचा मुद्दा मान्य. निवड मान्य नाही. ‘श्यामची आई’मधली शिकवण इतकी सरळ येते की आठवीच्या मुलाला विचार करायला जागाच राहत नाही. प्रत्येक रात्री आई बरोबर असते. आई नसलेली मुलंही वर्गात असतात, त्यांचाही विचार करा. ‘बनगरवाडी’त कोण बरोबर, कोण चूक, हे लेखक सांगत बसत नाही. या वयाला तेच हवं.

सातवीतल्या मुलाची आई
तुम्ही सगळे मुलांसाठी पुस्तक निवडताय, मुलांना कुणी विचारलं का?

मराठीच्या बाई
ताई, फास्टर फेणे मुलगा घरी एकटा वाचतोच. त्याला माझी गरज नाही. ज्या पुस्तकाला सोबत लागते ते वर्गात वाचायचं. शब्द अडतील म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवणार, शब्दार्थांची वही नाही.

अंजीचा प्रसंग मी मुळीच गाळणार नाही. वर्ग हसला तर हसू दे. कुणीतरी कुणाशी बोललं की चर्चा सुरू होते, हे ही मुलं रोज अनुभवतात. मास्तरांनी चोळी शिवून द्यायला हवी होती का, यावर आठवीचा वर्ग दोन तास भांडेल, आणि त्या भांडणात मला एक शब्दही बोलायची गरज पडणार नाही.

परीक्षेत यावर शून्य गुण. ही माझी अट आहे, ती मान्य नसेल तर मीही ही कादंबरी वर्गात नेणार नाही.

सर, सहावीला ‘श्यामची आई’च्या निवडक रात्री जरूर घ्या. आठवीला नको. प्रतींसाठी दोघांत एक पुरते, शेजारी बसून वाचतात.

माणदेशी, कारभाऱ्याचे थोडे संवाद तुमच्याकडच्या एखाद्या जाणत्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करून मिळतील का? माझ्या तोंडी ती बोली बसत नाही.

माणदेशी
देतो की. कुठली पानं ते कळवा.

सातवीतल्या मुलाची आई
शून्य गुण हे शाळा पालकसभेत लेखी देणार असेल तर पुढचं बोलू. तोवर माझा विरोध कायम.