आयरिश ख्रिसमसचं जेवण घरी रांधलेल्यांनो, अनुभव सांगा

आंबोळी
इथे खाटकाकडे टर्कीसाठी नाव नोंदवायची वेळ झाली, म्हणून आत्ताच धागा काढतेय. यंदा माहेर-सासर दोन्हीकडची मंडळी आमच्याकडे, डब्लिनला. २५ डिसेंबरला बस नाही, ट्रेन नाही, दुकानं बंद, पबसुद्धा कायद्याने बंद. काही विसरलं तर शेजाऱ्यांचं दार वाजवायचं, दुसरा उपाय नाही. पानात टर्की आणि हॅम (डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस) दोन्ही, बटाटा किमान दोन प्रकारे, स्टफिंग, ब्रसेल्स स्प्राउट्स, गाजर आणि पार्सनिप (गाजरासारखंच, पण पांढरट कंदमूळ), ग्रेव्ही, क्रॅनबेरी सॉस. वर ट्रायफल (केक, जेली, कस्टर्डचे थर लावलेलं गोड) आणि पुडिंग. ओव्हन एकच! ज्यांनी हे निभावलंय त्यांनी लिहा. पाककृती नेटवर ढिगाने आहेत, मला कशाच्या आधी काय उरकलंत ते हवंय.

कॉर्कची_सून
आमच्या सासूबाई वेळापत्रक कागदावर लिहून फ्रीजला चिकटवतात, आणि ते शेवटाकडून सुरुवातीकडे लिहितात. तीनला सगळ्यांनी टेबलाशी बसायचं, तर दोनच्या आत टर्की ओव्हनबाहेर. पाच-सहा किलोच्या पक्ष्याला तीन-साडेतीन तास लागतात, म्हणजे सकाळी दहाला आत गेलीच पाहिजे. मांडीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून ७५ अंश दिसले की झाली. मग फॉइल पांघरून तासभर हात लावायचा नाही. गार होत नाही, रस मुरतो आणि काप नीट पडतात.

तो एक तास म्हणजे खरी कमाई. ओव्हन मोकळा झालेला असतो, त्यात बटाटे आणि हॅम.

हॅम २३च्या रात्री पाण्यात घालायचं, खारटपणा उतरतो. २४ला शेगडीवर मंद उकळून घ्यायचं, कातडी सोलायची, खालच्या पांढऱ्या चरबीवर सुरीने तिरक्या रेघा मारून शंकरपाळ्यांसारखे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात एक लवंग टोचायची. हे काम आमच्याकडे मुलांचं, आणि दोन लवंगा कुणी टोचल्या यावरून भांडणंही होतात. दुसऱ्या दिवशी वरून मोहरीची पेस्ट आणि ब्राउन शुगर चोपडून अर्धा तास ओव्हनमध्ये. रंग चढला की बस.

बटाटा मात्र पिठूळच हवा. रूस्टर जातीचे सगळीकडे मिळतात. अर्धेकच्चे उकडून, पाणी निथळून, चाळणीतच दणकून हलवायचे म्हणजे कडा खरबरीत होतात. हंसाची चरबी ट्रेमध्ये आधी धूर येईपर्यंत तापवायची, बटाटे टाकताना चर्र आवाज आला पाहिजे. कुरकुरीतपणा तिथेच ठरतो. ग्रेव्ही चुकली तर माणसं चालवून घेतात, बटाटे मऊ पडले तर वर्षभर ऐकवतात.

शुद्धशाकाहारी
आईवडील येणार असतील तर आधीच सावध करते. मांसाच्या पदार्थांची चिंता नाही, ते समोर दिसतात. चिंता लपलेल्यांची. पारंपरिक ख्रिसमस पुडिंगमध्ये सुएट असतं, म्हणजे गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. मिन्स पाय म्हणजे छोट्या गोड पेस्ट्र्या, त्यांच्या सारणातही तेच, जरी दिसायला नुसते मनुके-बेदाणे दिसले तरी. ट्रायफलच्या जेलीत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासूनचं. रोस्ट बटाटे हंसाच्या चरबीत. म्हणजे ‘मी फक्त भाज्या आणि गोड खाईन’ म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात गाय, हंस सगळं जातं! वनस्पतीजन्य सुएट सुपरमार्केटमध्ये मिळतं, त्याचं पुडिंग वेगळं करा. ते काही आठवडे आधी वाफवून ठेवायचंच असतं, त्यामुळे त्या दिवशी भार नाही. बटाट्यांचा एक ट्रे सूर्यफुलाच्या तेलात. स्टफिंग शिळ्या पावाचा चुरा, भरपूर लोण्यात परतलेला कांदा, थाइम, पार्सली असंच असतं, ते टर्कीच्या पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजलं की सगळ्यांना चालतं. शिवाय टर्कीही लवकर शिजते.

स्प्राउट्स मी अर्धे कापून मोहरी-हिंगाच्या फोडणीवर परतते. उकडलेले स्प्राउट्स हा या देशाचा एकमेव गुन्हा आहे.

निवांत
कॉर्कच्या सुनेने स्पाइस्ड बीफचा उल्लेखही केला नाही, आश्चर्य आहे. तिकडे त्याशिवाय ख्रिसमस नाही. मीठ आणि मसाल्यात मुरवलेलं गोमांस, बाहेरून काळंकुट्ट. मिरी, लवंग, ऑलस्पाइस, जुनिपर. इंग्लिश मार्केटमध्ये, म्हणजे १७८८पासूनच्या मंडईत, डिसेंबरमध्ये ते दिसतंच. मंद उकळायचं, त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं, मग कागदासारखे पातळ काप. गारच खातात, ब्राउन ब्रेडला लोणी लावून. खाणाऱ्यांसाठी सांगतोय. ओव्हन लागत नाही, हा मोठा फायदा.

बॉस्टनकर
कॉर्न्ड बीफ आणि कोबी नाही का करत? इथे आयरिश जेवण म्हटलं की तेच.

आंबोळी
ते तुमच्याकडचं, अमेरिकेतलं, १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेचं. इथे कोबीबरोबर उकडलेलं बेकन असतं, आणि तेही एरवीच्या दिवसांचं जेवण. ख्रिसमसला नाही.

रात्रपाळी
मी गॉलवेला नर्स. ख्रिसमसला ड्यूटी लागली की आमच्याकडे जेवण २६ला, सेंट स्टीफन्स डेला. वॉर्डवर टर्की मिळते, त्यामुळे घरी उरलंसुरलं आणणाऱ्या मैत्रिणींची वाट बघते. उरलेल्या टर्कीची करी आयरिश घरांतही होते, पिवळी, करी पावडरची, बेदाणे घालून. मी कांदा-खोबरं भाजून वाटण लावते. टर्कीचं छातीचं मांस कोरडं असतं, म्हणून रस्सा आधी पूर्ण उकळून घ्यायचा आणि तुकडे शेवटी नुसते गरम करायचे. परत शिजवलंत की चोथा होतो. हाडं फेकू नका, त्यांचं सूप वेगळं. गेल्या वर्षी नवऱ्याच्या आयरिश सहकाऱ्याने पातेल्यातला रस्सा पावाने पुसून खाल्ला आणि घरी न्यायला डबा मागितला.

कॉर्कची_सून
@निवांत, स्पाइस्ड बीफ सासरे आणतात, तो त्यांचा प्रांत. मी हात घालत नाही.
@आंबोळी, ६ जानेवारीची सोय आत्ताच करून ठेव. नोलिग ना मान, बायकांचा ख्रिसमस. कॉर्क-केरीकडे जास्त पाळतात. त्या दिवशी पुरुषांनी घर सांभाळायचं आणि बायकांनी मैत्रिणींबरोबर बाहेर जेवायचं. आम्ही सासू, नणंदा मिळून जातो. टेबल मात्र डिसेंबरमध्येच बुक कर, नंतर मिळत नाही.